पैकीच्या पैकी

आमच्या सासूबाईंना समजत नाही अशी गोष्ट जगात नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गॅस कसा पेटवायचा, पाणी कसं प्यायचं आणि माझ्या आईचा स्वभाव नेमका कसा आहे, हे तिन्ही समजावून सांगितलं. माझ्या आईला त्या तोवर एकदाच भेटल्या होत्या.

गल्लीतले सगळे त्यांना बाई म्हणतात. शाळेत होत्या तेव्हापासूनचं ते नाव, निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. मीही मनात बाईच म्हणते. तोंडावर आई म्हणते, कारण मला याच घरात राहायचं आहे.

बाईंच्या वर्गात कधी कुणी नापास झालं नाही, ही त्यांची आयुष्यभराची मिरवण. कोणताही शिक्षक रजेवर गेला की त्याचा तास बाईंकडे यायचा, मग तो भूगोल असो की रसायनशास्त्र. विषय येण्याची गरजच काय, असं त्यांचं म्हणणं. पेपर काढणाऱ्याचं डोकं ओळखता आलं की झालं. ज्या पर्यायात ‘नेहमी’ किंवा ‘कधीच’ असेल तो चूक. सगळ्यांत लांबलचक पर्याय बहुधा बरोबर. प्रश्न दोनदा वाचायचा नाही, दोनदा वाचला की शंका येते आणि शंका आली की मार्क जातात. पिढ्यान् पिढ्या मुलं या मंत्रावर पास होऊन बाहेर पडली. त्यातली काही आज पूल बांधतात, हे आठवलं की मी पुलावरून जाताना जरा भरभर चालते.

तर अशा बाईंना छातीत गाठ आली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. एक गोष्ट मान्य करायला हवी, बाई डगमगल्या नाहीत. आम्ही तोंडं पाडून बसलो होतो आणि त्या नर्सला इंजेक्शन देण्याची बरोबर पद्धत सांगत होत्या. पण त्यांच्या आईलाही हाच आजार झाला होता आणि बहिणीलाही, हे ऐकल्यावर सर्जन म्हणाला, “जनुकीय चाचणी करून घ्या. हा घराण्यातून चालत आलेला प्रकार असू शकतो. तुमच्यासाठी नाही, तुमच्या मुलांसाठी करा.”

बाईंना दोन मुलं. थोरली मुलगी म्हणजे माझी नणंद, आणि तिच्या पाठचा माझा नवरा. नणंद पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवते. दणकट बाई, आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा, केसांना कायम तलावाच्या पाण्याचा वास. मला सासरी आपलं म्हणावं असं माणूस मिळालं ते ही एकच. म्हणूनच ‘तुमच्या मुलांसाठी’ हे शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी तीच आली. बाईंची आई आणि बहीण दोघी गेल्या तेव्हा आजच्या नणंदेपेक्षा फार मोठ्या नव्हत्या.

ही चाचणी करणारा विभाग इस्पितळाच्या अगदी मागच्या अंगाला आहे. लांबलचक बोळ, एकमेकींना लोखंडी पट्टीने जखडलेल्या खुर्च्या, पेले नसलेलं पाण्याचं यंत्र, आणि काचेला अर्धगोल भोक पाडलेली एक खिडकी. खिडकीशेजारी एक बंद दार. त्या दाराआड समुपदेशक बसते. बारीकशी मुलगी, डोळ्यांवर मोठा चष्मा. रक्ताचा निकाल आला की घरच्यांना समोर बसवायचं, कागदावर घराण्याचं झाड काढायचं, कुणाला धोका आहे, कुणाला नाही, पुढे काय करायचं ते सावकाश सांगायचं, हे तिचं काम. चांगलं काम. पण सावकाश चालणारं काम मोठ्या डॉक्टरांना बघवलं नाही.

हे मोठे डॉक्टर म्हणजे विभागाचे प्रमुख. त्यांनी एक शक्कल लढवली. रुग्णाला जनुकीय चाचणी कितपत समजते हे मोजायचं. मोजायचं म्हणजे वीस प्रश्नांचा पेपर द्यायचा, चार पर्याय, बरोबर उत्तरावर खूण. जनुक म्हणजे काय, वाहक म्हणजे काय, ‘बदल सापडला नाही’ याचा अर्थ काय, वगैरे. इथवर माझं काही म्हणणं नाही. समज मोजावी, का मोजू नये? पण पुढची अक्कल ऐका. ज्याला कमी मार्क पडतील त्याला दाराच्या आत पाठवायचं. ज्याला चांगले पडतील त्याला निकालाचं पाकीट खिडकीतून द्यायचं आणि घरी धाडायचं. ज्याला समजलेलंच आहे त्याच्याशी पुन्हा बोलण्यात वेळ का घालवा? खिडकीच्या वर मग एक मोठा तक्ता लागला, ‘रुग्णांची समज’ असा. त्यावर दर महिन्याला एक निळा खांब उभा राहायचा. समज खांबाने वाढते हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

मी स्वतः कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. दिवसभर लोकांना कोणतं बटण कधी दाबायचं ते सांगते आणि शेवटी विचारते, “समजलं ना?” लोक म्हणतात, “हो हो, समजलं.” माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला फोन ठेवायचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळी त्याच माणसाचा पुन्हा फोन येतो आणि घरभर पाणी झालेलं असतं. पण माझ्याकडे डॉक्टरकीची पदवी नाही, त्यामुळे मला कुणी विचारलं नाही.

बाईंना परीक्षा आहे म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी विसरणार नाही. आजारपणात पहिल्यांदाच त्यांनी इस्त्रीची साडी काढली. विभागाने घरी वाचायला दिलेली माहितीपुस्तिका त्यांनी घडाघडा पाठ केली. परीक्षेच्या दिवशी पेन दोन नेले. खिडकीतल्या कारकुनाने पेपर दिला, बाईंनी तो जखडलेल्या खुर्चीवर मांडी सावरून सोडवला आणि सगळ्यांच्या आधी उठून परत दिला. वर “पुरवणी लागत नाही का?” असंही विचारलं. पैकीच्या पैकी मार्क. विभागात तोवर कुणालाच मिळाले नव्हते. मोठे डॉक्टर खोलीबाहेर आले, बाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, “असे रुग्ण हवेत!”

आणि असे रुग्ण हवेत म्हणून त्यांनी बाईंना खिडकीतून पाकीट देऊन घरी पाठवलं. पाकिटात लिहिलं होतं की बदललेलं जनुक सापडलं आहे. खाली एक ओळ होती, जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनी तपासणीबद्दल समुपदेशकांशी बोलावं अशी. ती ओळ मी बोट ठेवून दाखवली. बाई म्हणाल्या, “ती शिफारस आहे. परीक्षेला नव्हती.”

त्यानंतर बाईंना फेरतपासणीसाठी इस्पितळात वरचेवर जावं लागायचं. सर्जनकडे नंबर लागेपर्यंत त्या मागच्या बोळात जाऊन बसू लागल्या. तिथे पेपर हातात घेऊन घाबरलेली माणसं बसलेली असायची, म्हणजे बाईंना आयता वर्ग मिळाला. त्यांनी चक्क शिकवणी सुरू केली. ‘नेहमी’ असेल ते चूक. लांब असेल ते बरोबर. मुलांना मिळण्याची शक्यता विचारली की ‘निम्मी’वर खूण, डोळे मिटून. कारकून बघत होता, पण त्याचं काय जात होतं? रांग लवकर सरकत होती. निळे खांब असे काही वाढले की तक्त्याला वरून कागद जोडावा लागला. मोठे डॉक्टर कुठल्याशा परिषदेत तो तक्ता दाखवून टाळ्या घेऊन आले, असं बाईंनीच घरी सांगितलं. “माझी बॅच आहे,” म्हणाल्या.

त्या बॅचमधली त्यांची लाडकी विद्यार्थिनी म्हणजे एक शिंपीण. गळ्यात कायम मापाची पट्टी, ती काढायचं इस्पितळातही तिच्या लक्षात राहायचं नाही. तिला छातीचाच आजार होऊन गेला होता आणि दोन मुली होत्या. वाचायची सवय सुटलेली. बाईंनी तिला दोन खेपांत तयार केलं. तिलाही पैकीच्या पैकी पडले. तिनं आनंदाने बाईंच्या पोलक्याच्या बाह्या फुकट घट्ट करून दिल्या. तिचंही पाकीट खिडकीतूनच मिळालं, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या घरी हा विषय निघाला तो एकदा सगळे जेवायला बसलो असताना. नणंद आली होती. मी म्हटलं, “ताई, तुम्ही चाचणी कधी करताय?”

नणंदेऐवजी बाईच बोलल्या, “तिला कशाला? तिच्यात नाहीये ते.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? पेपरातच आहे. मुलांना मिळण्याची शक्यता निम्मी. मला मुलं किती? दोन. दोनाचं निम्मं किती?” त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, “एक. आता एकालाच मिळायचं तर कुणाला मिळेल? हा बघ.” त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पळी रोखली. “नाक माझं, कान माझे, हाताची बोटं माझी. सगळंच माझं घेतलंय तर हेही यानेच घेतलं. ती पडली तिच्या बापाच्या वळणावर. आणि पुरुषाला काय होतंय? म्हणजे सुटलो आपण सगळे.”

नवरा स्वतःचं नाक चाचपून बघत होता. हे माझं कुंकू. मी म्हटलं, “आई, असं वाटून नाही देत हो. आपल्या खालच्या मजल्यावर बघा, चारही मुलीच झाल्या ना त्यांना? तिथे कुठे निम्मे मुलगे झाले?”

“तो मुलामुलींचा धडा वेगळा. हा आजाराचा.”

“आणि माझ्या मुलीचं काय? याच्यात असेल तर तिच्यात येणार नाही का?”

“निम्म्याचं निम्मं पाव. पाव म्हणजे पंचवीस मार्क. तेवढ्यात कुणी पासही होत नाही.” एवढं बोलून त्यांनी मला समजावणीच्या सुरात विचारलं, “मला किती मार्क पडले होते?”

“पैकीच्या पैकी.”

“तुला?”

मी पेपरच दिला नव्हता. नणंद हसली आणि म्हणाली, “जाऊ दे ग, आईला कळतं सगळं. आणि माझ्याकडे बघ, मला काही झालंय का?” असं म्हणून तिने आणखी वाढून घेतलं. मला तिचा असा राग आला की काय सांगू. आईच्या अकलेला घरात ती एकटीच खदाखदा हसायची, आणि नेमकं मरणाशी गाठ आली तिथे ती आईची लेक झाली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून विभागात गेले. कारकून म्हणाला, बाईंना आतली वेळ देता येत नाही, संगणक घेत नाही, त्यांच्या नावापुढे ‘समज उत्तम’ आलंय. तेवढ्यात चष्मेवाली समुपदेशक डबा घेऊन बाहेर पडत होती, तिला मी अडवलं. बाईंचं दोनाच्या निम्म्याचं गणित सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. “अहो, नाही! प्रत्येक मुलासाठी ते नव्याने असतं. पहिल्याला मिळालं म्हणून दुसऱ्याची सुटका होत नाही. दोघांना मिळू शकतं, दोघांनाही नाही मिळू शकत. आणि नाकाचा काय संबंध? शिवाय पुरुषांनाही अगदीच काही होत नाही असं नाही.” मग आवाज उतरवून म्हणाली, “त्यांना एकदा माझ्यासमोर बसवा. पण पुन्हा पेपर देऊन कमी मार्क पडल्याशिवाय माझ्याकडे नाव येत नाही. आणि तुमच्या नणंदेला यायचं असेल तर त्यांना स्वतःला यावं लागेल, मी कुणाला घरातून ओढून आणू शकत नाही.”

मी मोठ्या डॉक्टरांच्या दारातही उभी राहिले. ते घाईत होते. म्हणाले, “तुमच्या सासूबाईंची समज आमच्याकडे सर्वोच्च आहे. तुम्हाला शंका असेल तर तुमची तपासून घ्या.” माझा एवढा पाणउतारा फोनवरच्या गिऱ्हाइकांनीही कधी केला नव्हता, आणि त्यांच्या घरात तर पाणी शिरलेलं असतं.

घरी येऊन बाईंना म्हटलं, पुन्हा पेपर द्या आणि मुद्दाम नापास व्हा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते. “हुशार मुलांना जादा तास लावत नाहीत,” म्हणाल्या. समुपदेशक काय म्हणाली तेही सांगितलं. तर म्हणे, ती परवा जन्मलेली पोरगी, तिला किती मार्क आहेत विचार. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, “वहिनी, तू तक्रारींचे फोन घेऊन घेऊन सगळीकडे तक्रारच बघतेस.” मी हात टेकले. आठवडे असेच गेले. नणंद तलावावर शिट्टी वाजवत होती, बाई बोळात बॅच तयार करत होत्या, आणि मी दोघींना मनातल्या मनात शिव्या घालत होते.

मग फेरतपासणीची वेळ आली. नवऱ्याला काम निघालं म्हणून बाईंसोबत मी गेले. नेहमीप्रमाणे त्यांनी बोळाकडे पावलं वळवली. तिथे शिंपीण बसली होती. गळ्यात मापाची पट्टी होतीच. शेजारी तिची धाकटी मुलगी, डोक्याला रुमाल बांधलेला, मनगटावर इस्पितळाची प्लास्टिकची पट्टी. भुवया गेल्या होत्या.

बाई लांबूनच म्हणाल्या, “काय ग? कशी आहेस? पुन्हा पेपर आहे का?”

शिंपीण उठून उभी राहिली. शाळेतल्या मुलीसारखी. रागावलेली नव्हती, मला वाटतं रागावली असती तर बाईंना ते झेपलं असतं. ती म्हणाली, “बाई, थोरलीची तपासणी केली होती, तिच्यात निघालं. मग मी हिला म्हटलं, तुझी सुटका झाली, निम्मं होतं ते ताईने घेतलं. हिला गाठ लागली हाताला. मला दाखवायला आली तर मी म्हटलं, ती तसली नसणार, तुझ्यात नाहीच ते. तशीच परत पाठवली. फार दिवस गेले त्यात.” मग तिने खरोखरच विचारायचं म्हणून विचारलं, “बाई, माझं कुठलं उत्तर चुकलं होतं?”

बाईंनी तोंड उघडलं. मी इतकी वर्षं त्या तोंडातून उत्तर बाहेर पडण्याची वाट कधी पाहिली नव्हती, ते आपणहूनच यायचं. या वेळी आलं नाही. धाकटी मुलगी आईचा पदर ओढून म्हणाली, “बस ना ग, खाली बस.” शिंपीण बसली. बाई उभ्याच राहिल्या, खांबांच्या तक्त्याखाली. त्यातला एक तुकडा या शिंपिणीचाही होता, पैकीच्या पैकी.

खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता. बाईंचं तोंड बंद झालेलं बघायला मी किती वर्षं टपलेली. पण मला नुसतं रडू आलं, आणि रडताना सुद्धा त्या मोठ्या डॉक्टरांना त्यांच्याच तक्त्यात गुंडाळून द्यावं असं वाटत होतं.

बाई खिडकीशी गेल्या. पेपर मागितला. कारकून म्हणाला, “तुम्हाला कशाला बाई? तुमचे तर...” बाईंनी नुसता हात पुढे केला. पेपर घेऊन तसाच कोरा परत दिला. कारकून म्हणाला, कोरा चालत नाही, संगणक घेत नाही, प्रत्येक प्रश्नावर खूण हवी. तेव्हा बाई खुर्चीत बसल्या आणि एकेक उत्तर शोधून शोधून चुकवलं. त्यात एकही चुकून बरोबर येऊ नये म्हणून त्यांनी तो पेपर दोनदा वाचला, जन्मात पहिल्यांदा. शून्य मार्क पडले. कारकुनाने संगणकाकडे दोनदा पाहिलं. बाईंच्या नावापुढे ‘समज नाही’ असं आलं आणि दार उघडलं.

आत चष्मेवालीने त्यांना पर्याय दिले नाहीत. तिने नुसतं विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, तुमच्या मुलीत हे असेल का?” वीस प्रश्नांत हा एक प्रश्न नव्हता. बाईंनी खाली मान घालून दोनाचं निम्मं, नाक, बापाचं वळण, सगळं सांगितलं. पाणी उकळायला ठेवलं तर कोमट होईल एवढा वेळ लागला असेल. त्या विभागाने महिनोन् महिने खांब उभारले आणि एवढं विचारायला कुणाला सवड झाली नव्हती. मग समुपदेशकाने घराण्याचं झाड काढलं, बाईंच्या नावाखाली दोन फांद्या काढल्या आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह लिहिलं. दोन्हींपुढे वेगवेगळं. बाई त्या दुसऱ्या प्रश्नचिन्हाकडे बघत राहिल्या.

इस्पितळातून आम्ही घरी गेलोच नाही. बाई तडक तलावावर निघाल्या. चपला घालून ओल्या फरशीवर जायला तिथे मनाई आहे, बाई तशाच गेल्या. नणंद पाण्यात होती, मुलांना हात कसे मारायचे दाखवत होती. बाई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, “बाहेर ये. तपासायला जायचंय.”

“कसलं तपासायला? तूच म्हणालीस ना माझ्यात नाही?”

“माझं चुकलं.”

नणंद पाण्यात उभीच राहिली. तिने हे शब्द आईच्या तोंडून कधी ऐकले नव्हते, मीही नाही. “तुला तर पैकीच्या पैकी होते,” ती म्हणाली.

“आता शून्य आहेत. चल.”

दोघा भावंडांनी रक्त दिलं. आधी नवऱ्याचा निकाल आला. त्याच्यात काही नव्हतं. नाक, कान, बोटं सगळी आईची आणि जनुक मात्र कोरं करकरीत. माझी मुलगी सुटली. मी स्वयंपाकघरात जाऊन सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण भावाची सुटका म्हणजे बहिणीला काही सवलत नव्हती, हे आता आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

नणंदेच्या निकालाच्या दिवशी आम्ही तिघी त्या बोळात होतो. कारकुनाने रिवाजाप्रमाणे आधी पेपर दिला. नणंदेने सवयीने आईकडे पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनीच पाहिलं, बाईंची ख्याती होती. पलीकडे एका म्हाताऱ्याने तर पेन काढून कान टवकारले.

बाई मोठ्याने, वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, “सगळी चुकव. एकही बरोबर लिहू नकोस. चुकवलीस तरच कुणी तुझ्याशी बोलेल.”

म्हाताऱ्याने थोडा विचार केला आणि आधीची खूण खोडली. त्याच्या शेजारणीनेही खोडली. त्या महिन्याचा खांब असा काही बसला की मोठ्या डॉक्टरांनी बैठक बोलावली, असं पुढे कारकून सांगत होता. कारण कुणालाच सापडलं नाही म्हणे. रुग्णांना विचारलं असतं तर सापडलं असतं.

आम्हाला आत बोलावलं. चष्मेवालीने पाकीट फोडलं नाही, तिला आधीच माहीत होतं. नणंदेच्या फांदीपुढचं प्रश्नचिन्ह तिने खोडलं. बदललेलं जनुक नणंदेतच होतं. आदल्या आठवड्यात काढलेल्या छातीच्या स्कॅनमध्ये अजून कुठे काही दिसत नव्हतं. म्हणजे वेळ हातात होता. शिंपिणीच्या धाकटीला तो मिळाला नव्हता. समुपदेशक सावकाश सांगत गेली, दर किती महिन्यांनी तपासायचं, कोणतं ऑपरेशन आधीच करून घेता येतं, ते केलं तर काय होईल, न केलं तर काय होईल. नणंद ताठ बसून ऐकत होती. तलावावरचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. हात मात्र मांडीखाली दाबून धरले होते.

“समजलं ना?” चष्मेवालीने विचारलं.

“हो, समजलं,” नणंद म्हणाली आणि उठायला लागली.

बाईंनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. “नाही समजलं,” त्या म्हणाल्या, “आम्हाला कुणालाच नाही समजलं. पहिल्यापासून परत सांगा.”